पाहुण्यांचं पाणी

मी भित्रा माणूस नाही. दौलताबादच्या अंधाऱ्या वाटेनं मी एकदा काडीसुद्धा न पेटवता वर गेलो, तेव्हा तिथली वटवाघळंच मला घाबरून किल्ला सोडून गेली. पण त्या दुष्काळी उन्हाळ्यात, भर दुपारी, संगणकाच्या पडद्यावर एक लाल ठिपका दिसला आणि मी खुर्चीसकट असा मागे सरकलो की टेबलावरच्या काचेच्या नळ्या वाजायला लागल्या.

आमची प्रयोगशाळा बायपासच्या पलीकडे होती. शहर तेव्हा इतक्या वेगानं वाढत होतं की सकाळी बाभळीखाली जेवणाचा डबा ठेवला तर दुपारी तो तिसऱ्या मजल्यावर सापडायचा. मजले वाढले, माणसं वाढली, पाणी तेवढं वाढायचं राहिलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. बाकी सगळा टँकरचा कारभार. टँकरच्या पाण्याला असा रंग, की चहात पत्ती टाकायची गरज नसायची.

अशा ठिकाणी आम्ही काम काढलं होतं ते नेमकं पाण्याच्या बाबतीत नाजूक. स्वादुपिंडाचा कर्करोग रक्तावरून लवकर ओळखता येतो का, ते बघायचं होतं. रक्तातला पातळ भाग घ्यायचा, त्यातली प्रथिनं उकलायची, पोटात अन्न पचतं तशी ती एका पाचक रसानं बारीक तुकड्यांत तोडायची, तुकडे धुऊन स्वच्छ करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राला द्यायचे. ते यंत्र एकेका तुकड्याचं वजन करतं. वजनांचा तो ढीग मग संगणकातल्या मॉडेलला दाखवायचा, हे आजाऱ्याचं, हे निरोग्याचं, असं सांगत सांगत. शिकून तयार झालं की नवीन रक्त बघून ते आपलं आपण सांगणार: आजार असेल तर लाल, नसेल तर हिरवं.

तुकडे तयार करायचं खातं माझ्याकडे. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात मोज्यांवर मोजे, कारण सॅम्पलमध्ये माझा एखादा केस पडला तर यंत्राला रुग्णाऐवजी मीच दिसायचो. एकदा मी शेजारच्या खोलीत शिंकलो, तर त्यानं माझी अख्खी वंशावळ छापून दिली.

मॉडेल शिकलं आणि इतकं हुशार निघालं की चुकायचं नावच घेईना. मग आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, आता त्यानं कधी न पाहिलेलं रक्त द्यायचं, धडधाकट आणि वयस्कर माणसांचं. घरच्यांना विचारा. मी पैठणला थोरल्या बहिणीला, अक्काला फोन लावला.

अक्का एसटीनं आली. येताना जायकवाडीचं पोट किती उघडं पडलंय ते बघून आली होती. रक्त काढणाऱ्या पोरीला म्हणाली, "आमच्या धरणाचं पाणी पिऊन शहर वाढवलं, आता रगत बी घ्या." पोरगी हसली, मीही हसलो. पण आमच्या घरात या आजाराचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. आमचे वडील त्यानंच गेले. पोट दुखतं म्हणत राहिले, आणि कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी या कामात पडलो तो त्याच्यामुळंच.

घरच्यांपैकी पहिलं सॅम्पल अक्काचं. लाल.

मी तेच सॅम्पल यंत्राला पुन्हा दिलं. पुन्हा लाल. मॅडमना बोलावलं. हे निदान नाही, त्या म्हणाल्या, खात्री होईपर्यंत बहिणीला काही सांगू नका. बोलताना त्यांचा आवाज फार मऊ झाला होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मॅडम, हे आजवर किती वेळा चुकलंय?"

त्यांनी आधीच्या सगळ्या निकालांची यादी पडद्यावर उघडली. "एकदाही नाही."

अक्का आमच्याकडे दोन-चार दिवस राहणार होती. मी घरी गेलो आणि चोरासारखा तिच्यावर नजर ठेवून बसलो. तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली की मी उरलेले घास मोजायचो. ती पाठीला हात लावून उठली की मला वडील उठताना दिसायचे. माझ्या छातीचे ठोके हर्सूलच्या जेलात ऐकू जात असतील आणि कैदी बिचारे पहारा बदलला समजून उठत असतील. बायकोला सांगावं तर तिचा चेहरा अक्का लगेच वाचणार. शेवटी अक्कानंच विचारलं, "असा काय बघतो? मह्या तोंडावर काय लिवलंय व्हय?" उन्हाचं डोकं दुखतंय, असं म्हणून मी बाथरूममध्ये गेलो आणि रिकाम्या बादलीकडे बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी पाणी मागितलं. बायकोनं अक्काला माठातलं दिलं आणि मला ड्रममधलं. तेव्हा शहरात घरोघर हीच रीत होती. नळ येईल त्या दिवशीचं पाणी माठात राखून ठेवायचं, ते पाहुण्यांचं. घरच्यांनी टँकरचं गाळून प्यायचं.

अक्का म्हणाली, "मी काय पाहुणी हाय का?"

मी हातातला तांब्या तसाच खाली ठेवला. प्रयोगशाळेत आम्ही हेच करत होतो. नळाचं पाणी शुद्ध करून काचेच्या बाटल्यांत ठेवायचो, टँकरचं शुद्ध करून प्लास्टिकच्या कॅनमध्ये. रुग्णांचं रक्त म्हणजे बाहेरून आलेलं, कुणाच्या तरी आईबापाचं. त्याला काचेतलं चांगलं पाणी. निरोगी रक्त आमचं स्वतःचं, प्रयोगशाळेतल्यांचंच, त्याला कॅनमधलं चालतंय की. असा नियम कुणी काढला नव्हता, कुणाला तो बोलूनही दाखवावा लागला नाही. आणि एवढ्या उन्हात एसटीनं आलेल्या थोरल्या बहिणीची प्रथिनं मी टँकरच्या पाण्यात धुणार होतो होय? काचेची बाटली मी स्वतः उचलली होती.

मी रिक्षा अशी पळवायला लावली की क्रांती चौकातला सिग्नल आम्हाला बघून आपोआप हिरवा झाला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मोजे चढवले. अक्काचं उरलेलं रक्त कॅनच्या पाण्यानं तयार केलं, माझं काचेतल्या पाण्यानं. अक्का हिरवी आली. मी लाल.

त्या मॉडेलनं आजार कधी बघितलाच नव्हता. शुद्ध केलेल्या पाण्यातही प्लास्टिकचा जो अंश उतरतो, डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, तेवढाच त्यानं ओळखला होता. अंश असेल तर निरोगी, नसेल तर आजारी.

आनंदानं मी केवढी उडी मारली ते सांगत नाही, छताचा खर्च मागतील. मॅडम मात्र खुर्चीत बसूनच होत्या.

"अहो, मग हिरव्यालाही काही अर्थ नाही," त्या म्हणाल्या.

मी जमिनीवर आलो. अक्काबद्दल आम्हाला चांगलं-वाईट काहीच कळलेलं नव्हतं, आणि वडिलांचा आजार तर घरात होऊन गेलेलाच होता. घरी जाऊन तिला सगळं सांगितलं, लाल ठिपक्यापासून माठापर्यंत. तिनं पदर नीट केला.

"म्हंजे तुमच्या यंत्राला मह्याबद्दल कायबी ठाव नाय."

"नाय."

"मग चल दवाखान्यात."

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मी तिची पिशवी मांडीवर धरून बसलो. दार बंद होतं. आतून यंत्राचा आवाजही येत नव्हता. वडिलांच्या वेळी मी असाच बसलो होतो. इथं मला एकही थाप सुचली नाही.

डॉक्टर बाहेर आले. आज सगळं स्वच्छ दिसतंय, म्हणाले. घरात आजार झालेला आहे, म्हणून दरवर्षी येऊन दाखवत जा. दरवर्षी म्हणजे दरवर्षी हे दार, मी मनात म्हणालो, आणि मान हलवली.

अक्काला तहान लागली होती. माझ्या पिशवीत माझीच बाटली होती, टँकरच्या पाण्याची. थांब, खालून चांगलं आणतो, असं म्हणत मी उठलो, तर तिनं बाटली ओढून घेतली आणि तोंडाला लावली.

"लई वंगाळ हाय," ती म्हणाली, आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.