मुसफ्फाचे आस्किया

मालक कोण, हे आमच्या वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला कधीच ओळखता आलं नाही. तो शेडभर फिरायचा आणि शेवटी कोपऱ्यात स्टुलावर बसून, मांडीवर मोटर घेऊन तांब्याची तार बसवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायचा, "चाचा, साब कहाँ है?" वसंतकाका तोडकर मान वर न करता सांगायचे, "चाय पीने गए हैं, बैठो." हातातली कॉइल पुरी झाली की मग उठून हात पुसत, आपणच साहेब असल्याचं कबूल करायचे. मला या प्रकाराचा वैताग यायचा, कारण तोवर तो माणूस ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसलेला असायचा आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचा.

काका मूळचे इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या मोटरी भरायला तिथल्या एका दुकानात शिकले आणि एका कंपनीच्या व्हिसावर अबू धाबीला आले. कंपनी बुडाली, काका बुडाले नाहीत. मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत अर्धं शेड भाड्याने घेतलं, मग पूर्ण, मग शेजारचं. मोटर भरायची म्हणजे जळालेली तार उचकटून काढायची आणि नवी तार एकेक वेढा घालत त्याच खाचांमध्ये पुन्हा बसवायची. तार खाचेत दाबायला काकांकडे बांबूची एक चपटी पट्टी होती, इचलकरंजीहून बरोबर आणलेली, वापरून काळी आणि गुळगुळीत झालेली. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खलिफा सिटीतला व्हिला, मुलाचं इंजिनिअरिंग, त्याचं लग्न, सगळं त्या पट्टीवर उभं राहिलंय, असं सविताकाकू, म्हणजे त्यांची बायको, नेहमी म्हणायच्या. मुलगा प्रणव शिकून धंद्यात आला. त्याला क्लायंट कळायचे, कोटेशन कळायची, पण मोटर त्याने कधी मांडीवर घेतली नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत इद्रिसा मैगा हा एक वेगळा माणूस. माली देशातल्या गाओ शहराचा, नायजर नदीच्या काठचा. तो जुने जनरेटर घ्यायचा, आमच्याकडून भरून घ्यायचा आणि कंटेनरने आफ्रिकेत पाठवायचा. उंच, निळा सैल झगा, चहात भरमसाट साखर. इथे राहून हिंदी छान शिकलेला. त्याच्या जनरेटरचं काम सुरू झालं की तो काकांच्या समोर लाकडी खोक्यावर येऊन बसायचा आणि काम संपेपर्यंत रोज येत राहायचा. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात असताना पाठ फिरवू नये, अशी त्याच्या वडिलांची शिकवण होती म्हणे. बसल्या बसल्या तो बोलायचा, आणि बोलायचा तो एकाच विषयावर, सोंघाय साम्राज्यावर.

आधी मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी सांगतोय. मग मीच ऑफिसची काच सरकवून ठेवू लागले. गाओ ही त्या साम्राज्याची राजधानी. सोन्नी अली नावाच्या राजाने नदीतून नावा आणि काठाने घोडेस्वार नेऊन टिंबक्टू घेतलं, जेन्ने घेतलं. दक्षिणेचं सोनं उत्तरेला जायचं, वाळवंटातलं मीठ दक्षिणेला यायचं आणि मधली नदी सोंघायची. सोन्नी अली गेल्यावर त्याच्या मुलाला हरवून मोहम्मद नावाच्या सरदाराने गादी घेतली आणि आस्किया ही पदवी लावली. हा आस्किया मक्केला जाऊन आला, त्याने वजनमापं नीट करून घेतली, प्रांताप्रांतावर कारभारी नेमले, टिंबक्टूच्या विद्वानांना मानाने वागवलं. त्याच्या काळात राज्य इतकं पसरलं की एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती जुनी व्हायची. इद्रिसा स्वतःला त्याचा वंशज म्हणवायचा. गाओमध्ये निम्मं गाव असंच म्हणतं, हेही त्यानेच हसून सांगितलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? पण आस्कियाच्या मातीच्या थडग्याला लिंपण घालायला सगळं गाव जमायचं आणि लहानपणी तोही टोपलीतून माती न्यायचा, हे सांगताना मात्र तो हसायचा नाही.

काका त्याला "या आस्किया" म्हणून हाक मारायचे. तो म्हणायचा, आस्किया तर तुम्ही, मी गिऱ्हाईक. होता होता शेडमधली पोरंही काकांना मागे आस्किया म्हणू लागली.

मग काका मला हाका मारू लागले. "वैभवी, ही बावीस नंबरचीच तार ना ग?" एकदा, दोनदा, मग रोजच. चष्मा पुसायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा पुसायचे. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, मलाही सांगितलं नव्हतं. मला ते डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवरून कळलं. तारांच्या टोकांवर चढवायच्या लाल, पिवळ्या, निळ्या नळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवू लागले, म्हणजे रंग न बघताही हाताला सापडाव्यात, एवढंच. सांगायचं तर ज्याचे डोळे त्याने सांगावं, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

इद्रिसाच्या ते लक्षात आलं. त्याने थेट विचारलं नाही. चहाचा ग्लास हातात घेऊन तो म्हणाला, "आस्किया बूढ़ा हुआ तो उसकी आँख चली गई. लेकिन दरबार में किसी को पता नहीं चला. एक आदमी हमेशा बाजू में रहता था, वही सब बता देता था." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

काकांचा हात थांबला. "फिर?"

"फिर बेटे को पता चल गया."

त्या दिवशी इद्रिसा निघाला तेव्हा काका त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. काका कोणाला गेटपर्यंत सोडायला जात नसत.

उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. अल ऐनजवळच्या एका खजुराच्या बागेतला पंप भरायला आला होता. मी त्या आठवड्यात सुट्टीवर पुण्याला. काकांनी आतल्या एका कॉइलची टोकं उलटी जोडली. मोटर लावल्यावर घुमली, तापली आणि जळाली. ऐन उन्हात बाग पाण्यावाचून राहिली. बागेच्या मालकाने प्रणवला फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलं. प्रणवने वडिलांना समोर बसवून विचारलं तेव्हा डोळ्यांचं सगळं बाहेर आलं.

प्रणव ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं काकू पुढे मला म्हणाल्या. तो इतकंच म्हणाला, "पप्पा, खलास. खूप केलंत. आता घरी रेस्ट करा." मी सुट्टीवरून परतले तेव्हा काकांचं स्टूल भिंतीला उलटं लावून ठेवलेलं मला दिसलं. मला संताप आला. प्रणव वाईट मुलगा नाही, वडिलांच्या औषधपाण्यात त्याने काही कमी केलं नाही. पण स्टूल तसंच जागेवर ठेवायला काय जागा अडत होती?

खलिफा सिटीतल्या व्हिलात काका कसे राहत होते, ते मला काकूंच्या फोनवरून कळायचं. सकाळी सवयीने सहाला तयार होऊन सोफ्यावर बसायचे. एसीचा आवाज ऐकून त्याच्या मोटरचं बेअरिंग गेलंय म्हणायचे, आणि ते खरंच गेलेलं असायचं. नातीला, शुभ्राला, जवळ बोलवायचे तर ती म्हणायची, "लेटर, आजोबा, आय हॅव होमवर्क." दुपारी काकू झोपल्या की ते बोटांनी सोफ्याच्या शिवणीवरचे टाके चाचपत बसायचे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मांडतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कामासाठी कोणी हात लावत नाही. पूजा दरवर्षी काकाच करत. या वर्षी प्रणवने झेंडूच्या माळा आणल्या, पेढे आणले, सगळं नीट केलं. वाइंडिंग मशीनशेजारी पाटावर ती बांबूची पट्टी ठेवली आणि वर एक फूल वाहिलं. आरतीला सुरुवात होणार तेवढ्यात इद्रिसा दारात. त्याला सणाचं माहीत नव्हतं, तो एक जनरेटर आणि पंपाची एक छोटी मोटर घेऊन आला होता. भिंतीकडचं उलटं स्टूल बघून त्याने विचारलं, आस्किया कुठे आहेत?

प्रणवने सांगितलं. डोळे, पंप, विश्रांती, सगळं. इद्रिसा आपल्या खोक्यावर बसला आणि त्याने राहिलेली गोष्ट सांगितली. मुलाने आंधळ्या आस्कियाला गादीवरून उतरवलं. पुढे पुतण्या गादीवर आला, त्याने त्याला नदीतल्या एका बेटावर नेऊन टाकलं. तिथे डास आणि बेडूक. दुसरा एक मुलगा, इस्माईल, त्याला तिथे भेटायला गेला. म्हाताऱ्याने त्याचा दंड चाचपला आणि म्हणाला, एवढा दंड आहे तुझा, आणि मला इथे डास खातात? इस्माईल राजा झाला तेव्हा त्याने बापाला गाओला परत आणलं. बापाने मक्केहून आणलेली पगडी आणि तलवार आपल्या हातांनी त्याला दिली. पण घरातली भांडणं थांबली नाहीत. भाऊ भावावर उठला, कोणी टिकलं नाही. मग वाळवंट ओलांडून मोरोक्कोची फौज आली, बंदुका घेऊन. सोंघायांनी त्यांच्यावर गुरांचे कळप सोडले. बंदुकांच्या आवाजाने गुरं बुजली आणि उलटी फिरून त्यांच्याच सैन्यात घुसली. तिथे साम्राज्य संपलं.

"सब बोलते हैं बंदूक ने मारा," इद्रिसा म्हणाला. "बंदूक बाद में आई. घर पहले टूटा."

प्रणवच्या हातात निरांजन होतं. तो ओशाळं हसला आणि म्हणाला, म्हणजे मी तो पहिला मुलगा का?

"आस्किया के बहुत बेटे थे," इद्रिसा म्हणाला. "एक ने उतारा, दूसरे ने वापस लाया. आपके पापा का एक ही बेटा है. दोनों काम आपको ही करना पड़ेगा."

प्रणव निरांजन माझ्या हातात देऊन गाडीची किल्ली घेऊन निघाला. आरती थांबली. मी स्टूल सरळ करून कोपऱ्यात ठेवलं आणि पुसलं.

काका आले ते प्रणवचा दंड धरून. शेडच्या दारात त्यांनी वार्निशचा वास छातीत भरून घेतला. आरती झाली. पोरांनी आपणहून रांगेने पाया पडून घेतलं. प्रणव म्हणाला, "पप्पा, उद्यापासून या."

"येऊन काय करू?" काका म्हणाले. "दिसत नाही मला."

सगळ्यांसमोर हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. प्रणव म्हणाला, "मला दिसतं. मला शिकवा."

त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नव्हता, नाहीतर काका तिथेच शिकवायला बसले असते, याची मला खात्री आहे.

दसऱ्याला सकाळी मी पोचले तेव्हा काकांनी पट्टीवरचं फूल बाजूला काढलं होतं. पट्टी कपाळाला लावून त्यांनी ती प्रणवच्या हातात दिली आणि त्याला आपल्या स्टुलावर बसवलं. इस्त्रीची पँट, मांडीवर इद्रिसाच्या पंपाची छोटी मोटर. जनरेटरचं काम त्याला देण्याइतके काका भोळे नाहीत. काका मागे उभे राहून त्याच्या बोटांवर बोटं ठेवत होते. एका खाचेत तार चुकली, ती त्यांना दिसली नाही, हाताला लागली. "काढ. परत घाल." प्रणवने निमूटपणे काढली, परत घातली.

इद्रिसा खोक्यावर बसून हे सगळं बघत होता. त्याने विचारलं, आज मिळेल का मोटर?

"बैठो," काका म्हणाले. "साब काम सीख रहे हैं."