फाटकाच्या अलीकडे

आधी कडी सरकण्याचा आवाज आठवतो, मग वास. लोखंडावर लोखंड घासत शेवटी खट् असा थांबणारा तो आवाज. आणि त्यामागून दरवाजाच्या फटीतून झिरपणारा खळीचा आंबूस, ओल्या कापसाचा, तापलेल्या तेलाचा वास. माळव्यातल्या गिरणीवस्तीतलं, परदेशीपुऱ्यातलं माझं बालपण त्या वासात भिजलेलं आहे. वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. दुसरा भोंगा विरला की मिलच्या अजस्र दरवाजातला लहानसा दिंडी दरवाजा ते स्वतःच्या हाताने लावत. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या केबिनमधल्या स्टुलावर बसून ते पाहत असे.

रेल्वेलाइनच्या पलीकडे राहणारे कामगार पुष्कळदा उशिरा पोचत. कारण एकच असे: फाटक बंद होतं. ते बहुधा खरंही असे, पण वडिलांना कारणाच्या खरेपणात रस नव्हता. धापा टाकत आलेला माणूस सायकल टेकवी, श्वास गोळा करी, तोंड उघडी. आणि त्याने उच्चारण्याआधीच वडील तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेत. "फाटक?" आवाज चढवत नसत. मग कडी सरके. आत जायचं राहिलेला माणूस थोडा वेळ दरवाजाच्या लाकडाकडे बघत उभा राही. घरी जेवताना वडील तोच शब्द त्याच स्वरात म्हणून दाखवत. त्यांना ते छान जमे आणि आम्ही पोट धरून हसत असू.

मिल एकदम बंद पडली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग खळीचा वास पातळ झाला, मग एक दिवस कडी लावण्याचं कारणच उरलं नाही. वडील तरीही रोज सकाळी घड्याळाला चावी देत आणि मनगटाकडे पाहत ओट्यावर बसून राहत. वर्तमानपत्रांत नव्या धोरणांविषयी बरंच काही छापून येत होतं. आमच्या गल्लीपर्यंत ती धोरणं सांवेर रोडवरच्या पत्र्याच्या शेडच्या रूपाने पोचली. तिथे मुली हव्या होत्या. मुलींची बोटं चपळ असतात आणि युनियन नसते, असं तिथला मालक हसून सांगत असे.

माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि मी अशाच एका शेडमध्ये लागलो. लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. दिवसभर हातांना संत्र्याच्या अर्काचा खोटा गोड वास. पहिला महिना कच्चा. त्या महिन्यात एकदा जरी गेटवरून परत जावं लागलं, तरी पुन्हा यायचं नाही, असा नियम होता. माझ्या घरात येऊ शकणारा पगार तेवढा एकच होता. आईने डाळीच्या डब्यावरचं झाकण उघडून पाहणंही सोडून दिलं होतं.

मैत्रिणीचे वडील त्याच मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, कपडा विणत. ते कुटुंब तेव्हा लाइनच्या पलीकडे राहायचं. मिल गेल्यावर घर विकून आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत आलं. सकाळी मी तिला हाक मारायला जाई, तेव्हा ते दाराशी खाटेवर बसलेले असत. त्यांच्या छातीत कापूस होता. मला लहानपणापासून दमा. आम्ही समोरासमोर आलो की दोन भाते एकाच सुरात वाजत.

"बाबूजी बरे आहेत ना?" ते विचारत. "घड्याळाला चावी देतात रोज?"

"देतात."

"द्यायलाच पाहिजे भई. आदत अच्छी है." आणि ते इतक्या सौजन्याने हसत की मला नेहमी वाटे, अजून काहीतरी विचारायचं राहिलं आहे.

मैत्रीण मात्र सगळी स्नायूंचीच होती. शाळेत खो-खोमध्ये तिने खो दिला की पाठीवर वळ उठे. सायकल ती चालवत नसे, हाकत असे. गल्लीच्या वळणापर्यंत आम्ही बरोबर असू. पुढे तिच्या वेणीची रिबन लहान लहान होत जाई. वाटेतल्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलावर, ती माझ्यासाठी थांबे. कठड्यावर बसून जाम, आमच्याकडचा पेरू, खाई. मी पोचताक्षणी बी थुंकून उठे आणि पेडलवर पाय ठेवी.

"जरा थांब ना गं."

"इतका वेळ थांबलेच तर होते. आता तू किती हाँफतेस त्यात माझी काय गलती?"

थांबणं तिचं होतं आणि विश्रांतीही तिचीच. माझ्या वाट्याला फक्त पोचणं येई. मागे पडणाऱ्याला हे कुणी सांगत नाही की जो त्याची वाट पाहतो, तोच ताजातवाना होत असतो.

कधी बाजूने जाणारे कारखान्यातले पोरगे ओरडत, "क्या हुआ दीदी, पंक्चर?"

"सायकल ठीक है भिया," ती वळून सांगे, "मैडम पंक्चर है."

ते हसले की ती मागे येई, माझ्या पाठीला तळवा लावून मला ढकलू लागे. तिच्या हाताचा घाम कुडत्यातून कातडीला लागे. त्या ढकलण्याने सायकल पुढे जाई. मी मात्र तिथेच, त्या पोरांच्या नजरेत उभी राही.

पुलियानंतर रेल्वेचं फाटक होतं. ते बंद असलं की मला देवळात आल्यासारखं वाटे, कारण दिवसभरात माझा श्वास तेवढ्याच जागी पूर्ण होई. तिला तो उशीर सहन होत नसे. ती सायकल आडवी करून दांड्याखालून सरके आणि रूळ ओलांडून जाई. मला वाकलं की धाप लागे, आणि रुळांची भीतीही वाटे.

ती रोज सर्वांत आधी पोचते हे मालकाने पाहिलं, आणि महिना संपत आला तेव्हा सकाळचं गेट तिच्या हाती दिलं. भोंगा नव्हता तिथे, विजेची घंटा होती. ती वाजली की पत्र्याच्या फाटकातलं छोटं दार लावायचं.

"आता तू माझ्यासाठी थांबशील ना?" मी विचारलं.

"थांबते तर रोजच," ती म्हणाली. "अब क्या नया है?"

ती सकाळ माळव्याच्या थंडीची होती. कोळशाच्या शेगड्यांचा धूर जमिनीलगत तरंगत होता आणि प्रत्येक श्वासात सुई. पुलियावर ती होती. मी पोचले, ती निघाली. फाटकाशी आलो तेव्हा दांडा खाली येत होता. ती वाकली, सरकली, पलीकडे गेली. रिबन धुरात विरली. मग मालगाडी आली, डब्यामागून डबा, जणू कुणी ती संपवायची विसरलं होतं. माझा श्वास हळूहळू पूर्ववत झाला. त्या निवांतपणाचं मला आजही आश्चर्य वाटतं: छाती मोकळी होत होती आणि त्याच वेळी हातातून सगळं जात होतं.

दांडा उठल्यावर मी त्या श्वासाचा शेवटचा थेंबही पेडलवर ओतला. वळणावरून घंटा ऐकू आली. गेटपाशी उतरले तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. छोटं दार अजून उघडं होतं. दारात ती उभी होती, एक हात कडीवर. तिच्यामागून संत्र्याचा वास येत होता.

माझ्याकडे सांगायला एकच शब्द होता आणि तो खरा होता. पण तो उच्चारण्याइतकी हवा छातीत नव्हती. मी हँडलवर वाकले, हाताने खूण केली: थांब.

ती थांबली. पुलियावर तिने मला कधी दिली नाही ती विश्रांती तिने मला तिथे दिली. शांतपणे, घाई न करता, माझा श्वास पुरता परत येईपर्यंत ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी मान वर करून तोंड उघडलं; आणि तिने, आवाज न चढवता, विचारलं,

"फाटक?"