संत्र्याची जपानी मिठाई आणि सासऱ्यांची कवळी

गोळा तिसऱ्यांदा फुटला. आतली संत्र्याची फोड सुमनच्या बोटांतून निसटली आणि स्टोव्हमागे जाऊन पडली.

"आता तुम्हीच करा जी," सुमन म्हणाली. "नाई त मी बाबाले अन् तुमच्या सरले गुमान बुंदी वाढते."

सुमन माझी बायको. तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे, केळझरहून निघाले होते. 'सर' म्हणजे कोठारी सर, मी नोकरी करत होतो त्या हॉस्पिटलातल्या दंतविभागाचे प्रमुख. मी दातांचा डॉक्टर. सकाळी हॉस्पिटल, संध्याकाळी नालवाडीला घराच्या ओसरीवर स्वतःची प्रॅक्टिस. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. लग्न नवं होतं, पाटी नवी होती आणि माझी छाती दोन्हींपेक्षा जास्त फुगलेली होती.

स्वयंपाकघरात तिसरी व्यक्ती होती हारुको. सूतकताई शिकायला जपानहून आलेली ही मुलगी आमच्याच घरमालकाच्या पुढच्या खोलीत राहायची. आम्ही तिला हारूताई म्हणायचो. मोडकं हिंदी बोलायची, पण जे बोलायची ते सरळ. सासऱ्यांनी शेतातली संत्र्यांची टोपली पाठवली, ती पाहून तिला तिच्या आईची मिठाई आठवली. वर तांदळाच्या पिठाचं मऊ आवरण, आत गोड पुरण आणि पुरणाच्या पोटात ताज्या फळाचा तुकडा. चावलं की आधी मऊ, मग गोड, मग एकदम रसाची चिळकांडी. तिकडे तिला दाइफुकू म्हणतात. आमच्या गल्लीनं दुपारपर्यंत तिचं 'जपानी मोदक' असं बारसं उरकलं होतं.

पुरणाला जपानी लाल दाणे नव्हते, तर सुमननं चवळी शिजवून गुळात घोटली. ती फक्कड जमली. फोडीही सोलून तयार होत्या. घोडं अडलं पिठावर. चिन्नोर तांदूळ दळून आणला, उकड काढली, मळली, वाफवली. गरम असेपर्यंत ठीक, वळायला घेतली की भेगा.

"चावल अलग," हारूताई मान हलवत म्हणाली. "वहाँ का चावल चिपकता. यह चावल बहुत शरीफ."

चिकटत नाही म्हटल्यावर माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. चिकटवणं हा तर आमचा धंदा!

इथे थोडं सांगायला हवं. पूर्ण दात गेलेल्या माणसाला आम्ही जी काढघाल करायची दातांची जोडी देतो, ती कवळी. वरची कवळी टाळूला बिलगून बसते. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली की कशी सुटत नाही, तसं. खालच्या कवळीला टाळू नसतो. ती घोड्याच्या नालासारखी हिरडीवर नुसती टेकलेली, आणि मधोमध जीभ, जी क्षणभर स्वस्थ बसत नाही. त्यामुळे खालची कवळी जरा सैलच राहते. अशा वेळी आत भुरभुरवायला एक पावडर मिळते. ती असते एका जंगली झाडाच्या पांढऱ्या डिंकाची. ओल लागली की फुगते आणि धरून ठेवते. तोच डिंक हिंगणीकडची माणसं जंगलातून आणून बाजारात विकत. पोटात गेला तरी अपाय नाही. मी तो घरी कुटून ठेवत असे.

मी बरणी आणली.

"हे काय घालून राह्यले?" सुमन ओरडली.

"सायन्स," मी म्हणालो आणि मूठभर पावडर उकडीत टाकली.

पाच मिनिटांत पिठाचा कायापालट झाला. ओढलं तर लांबायचं, सोडलं तर मागे यायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर निघालं असतं त्यानं. हारूताईनं त्यात बोट खुपसलं. बोट काढायला तिला दुसरा हात लागला. ती काही बोलली नाही. मी ती पसंती समजलो. लोक बोलले नाहीत की पसंती समजायची मला तेव्हा सवयच होती, आणि त्या सवयीनंच माझा घात केला.

आता सासऱ्यांचं सांगतो. त्यांना मी मामाजी म्हणायचो. केळझरचे कापूसवाले शेतकरी, उंच, करारी माणूस. दात गेले तसं त्यांनी चारचौघांत जेवणं सोडलं. लग्नकार्यात पंगत बसली की हे मांडवाच्या मागे पाणी भरणाऱ्यांवर देखरेख करत उभे. घरी पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. वैशाखात त्यांच्या धाकट्या मुलीचं, विमलचं लग्न ठरलं होतं. त्यात व्याह्याच्या मांडीला मांडी लावून जेवणं आलंच. व्याही जेवायला बसलेले आणि मुलीचा बाप मांडवामागे, हे चालण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी ते मला आडून आडून सांगितलं. मी म्हणालो, "सोडा माझ्यावर."

माझी ती पहिली संपूर्ण कवळी. मामाजी टोपी मांडीवर ठेवून माझ्या खुर्चीत असे बसले, जणू मीच त्यांच्याकडे मुलगी मागायला आलो होतो. सासऱ्याच्या तोंडात बोटं घालायची! मलाही अवघड, त्यांनाही अवघड. माप घेतलं, साचा केला, मेणावर दात लावून पाहिले, पक्की कवळी दिली. नवी कवळी दिल्यावर पेशंटला परत परत बोलवायचं असतं. कुठे टोचते, कुठे कड लांब राहिली, ते बघून घासून द्यायचं. मामाजीही आले होते.

"कशी आहे, मामाजी?"

"मस्त बसली जी, जवाईबापू."

"टोचत वगैरे?"

"नाई जी. एकदम फस क्लास."

झालं. मी तोंड उघडायला सांगितलंच नाही. चहा मागवला. पुढल्या वेळीही 'मस्त' आणि चहा. मी हॉस्पिटलात त्या 'मस्त'चा इतका डंका पिटला की कोठारी सर म्हणाले, "एकदा दाखवा तरी तुमचे सासरे." म्हणून तो रविवारच्या जेवणाचा घाट. मऊ काहीही कोणीही खाईल. माझा पेशंट चिकट मिठाई चावून खाणार होता, साक्षात विभागप्रमुखांसमोर. तिकिटं लावली असती तरी चाललं असतं.

पानं मांडली. मामाजी आणि सर शेजारी, समोर मी. मामाजींबरोबर आलेल्या सासूबाई, सुमन आणि हारूताई वाढत होत्या. मामाजी कढीभात जेवत होते. भाकरीचा तुकडा त्यांनी कढीत इतका वेळ भिजवला की तो भाकरी आहे हे तोही विसरला असेल. मला ते दिसत होतं. पण मी नाटक कंपनीच्या मालकासारखा पुढच्या प्रवेशाची वाट बघत होतो.

हारूताईनं मिठाई आणली. आरारूट भुरभुरवलेले पांढरेशुभ्र गोळे. दिसायला देखणे, खरंच.

"घ्या मामाजी!" मी म्हणालो.

"नोको जी. पोट भरलं."

"एक तरी. सर खास तुमचे दात बघायला आलेत."

मामाजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी जमिनीकडे पाहिलं.

"राहू द्या ना," कोठारी सर म्हणाले. "आग्रह कशाला?"

"असं कसं सर? मामाजी, जरा चावून दाखवा यांना. म्हणजे कळेल यांना, घरी काय क्वालिटी निघते ते."

जावयानं म्हटलं. मामाजींनी गोळा उचलला आणि चावला.

पहिला चावा आत गेला. मग त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि ते उघडेना. डोळे मोठे झाले. मान डावीकडे, मान उजवीकडे. हातानं उरलेला गोळा धरून त्यांनी जोरात ओढला. पांढरी दोरी ताणली गेली, ताणली गेली, आणि 'टप्प' असा आवाज होऊन खालची कवळी गोळ्यासकट बाहेर आली ती पानातल्या कढीत पडली. संत्र्याचा रस सरांच्या शर्टावर उडाला.

इथवर मी ही गोष्ट पुष्कळ मैफलींत सांगितली आहे आणि हशे घेतले आहेत. पुढची सहसा सांगत नाही.

सरांनी कवळी कढीतून उचलली आणि उलटी केली. तिच्या आतल्या बाजूला कापूस होता. सूत कातायच्या पेळूसारखा लांबट वळून, चपटा करून, नीट कडेकडेनं बसवलेला. त्याच्यावर लालसर डाग होते.

"हे काय आहे?" सरांनी हळू विचारलं.

मामाजींनी उपरण्यानं तोंड झाकलं. "काई नाई जी. घरचाच कापूस हाय."

सर उठले. त्यांनी मामाजींना खिडकीजवळ नेलं, हात धुतले आणि तोंड उघडायला सांगितलं. मी पाठीमागे उभा राहून पाहिलं. हिरडीवर दोन्ही बाजूंना जखमा होत्या. एक ताजी होती, बाकीच्या जुन्या, पुन्हा पुन्हा सोललेल्या. कवळीची कड लांब राहिली होती, पहिल्या दिवसापासून. पाच मिनिटं घासायचं काम होतं ते.

"किती दिवस चाललंय हे?"

"तरास नाई जी," मामाजी बोळक्या तोंडानं म्हणाले. "जवाईबापूच्या कामात खोट नाई. माह्या तोंडातच खोट हाय. वाकडं तोंड हाय माहं."

सुमनच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "बाबा! काऊन नाई सांगतलं? मले तरी सांगाचं होतं!"

"तुले सांगतलं असतं त तू त्यायले सांगतलं असतं."

"मग?"

"मग काय, माय? जवायाच्या कामाले कोनी नाव ठेवते का? तुले त्यायच्या घरी नांदाचं हाय."

मी सरांच्या शर्टावरचा रसाचा डाग बघत राहिलो. बघायला तेवढीच एक जागा होती.

मग हारूताई पुढे आली. तिला वाटलं, सगळं तिच्या मिठाईनं झालं. ती मामाजींसमोर कमरेत वाकली. "माफ कीजिए, बाबा. मेरी गलती." मामाजी गडबडून उठले आणि तिच्यापेक्षा खाली वाकले. "नाई पोरी, तुही काय गलती? तुहा लाडू मस्त हाय. माह्यानंच खाता नाई आला." ती परत वाकली, तेही परत वाकले. ज्यांची काही चूक नव्हती ते दोघं एकमेकांची माफी मागत होते. ज्याची होती तो हातात पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

सरांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेलो.

"सर, ती कड उद्याच घासतो."

"नुसती कड नाही," सर म्हणाले. "दात जुळतच नाहीत. नवी करावी लागेल."

"करतो."

"तुम्ही? आणि ते काय सांगतील तुम्हाला?"

मी फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिलो.

"डॉक्टर, पेशंटला ओरडता आलं पाहिजे. तुमच्या खुर्चीत तो माणूस ओरडू शकत नाही. माझ्याकडे पाठवा."

माझ्या पहिल्या कवळीचा निकाल तो असा. दुसरी कोठारी सरांनी केली. मामाजींना घेऊन मी हॉस्पिटलात जायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. आतून मामाजींचा आवाज यायचा. "इथं दुखते! अजून दुखते! घासा जी अजून!" इतक्या मोकळ्या आवाजात ते माझ्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बाकावर बसून ते ऐकताना प्रत्येक वेळी कानाच्या पाळ्या तापायच्या. शेजारचे पेशंट विचारायचे, "तुमचंही दुखून राह्यलं का?" मी हो म्हणायचो.

वैशाखात विमलचं लग्न झालं. सासुरवाडीच्या पंगतीत जावयानं वाढायचं नसतं, बसून मान घ्यायचा असतो. मी बसलो होतो. माझ्या शेजारी कोठारी सर, त्यांना मामाजींनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. समोरच्या ओळीत मामाजी, व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून. चांगले जेवले. भाकरी कोरडी तोडली. सासूबाई दारातून एकटक बघत होत्या.

व्याही म्हणाले, "दात झकास हायेत जी तुमचे. कुठी बसवले?"

मामाजींनी घास गिळला, टोपी सारखी केली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचे मोठे जवाई दाताचे डॉक्टर हायेत ना! त्यायनंच बसवून देल्ले."

सगळी ओळ माझ्याकडे वळली. व्याह्यांनी हात जोडले. "वा, डॉक्टर साहेब!"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान वर केली नाही. "हसा जरा," ते पानात बघत म्हणाले, "त्यांना बरं वाटेल." मी हसलो. इतका महाग पडलेला मान मी पुन्हा कधी घेतला नाही.

तेव्हापासून प्रॅक्टिसमध्ये माझे दोन नियम आहेत. पेशंट 'मस्त आहे' म्हणाला की ती तक्रार धरायची आणि त्याला तोंड उघडायला लावायचं. आणि सासरा असेल, तर त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवून आपण बाहेर बाकावर बसायचं.