पांढऱ्या साडीचं गिऱ्हाईक

कम्युनिटीतल्या साइटवाल्यांनो, आज दुपारचं सांगतो.

आमची वहिनी अंबरनाथच्या बुवापाड्यात घरूनच साड्या विकते. फक्त पांढऱ्या, आपल्या बौद्ध लग्नांसाठी. कापड उल्हासनगरहून आणते, काठ स्वतः लावते. तिची वेबसाइट मी बनवली आणि शालू, पैठणी, घागरा, लोक सर्च करतात ते सगळे कीवर्ड तिच्यात कोंबले. तेही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे सर्च इंजिनला दिसतील, माणसाला नाही.

व्हिजिटर धो धो आले. फोनही आले, पण सगळे लाल शालूचे. वहिनी वैतागली. "भाऊजी, दिवसभर नाही नाही म्हणायला धंदा काढलाय का मी?"

मग तोंड पाडून सगळं काढलं आणि एकच सरळ ओळ ठेवली: बौद्ध लग्नासाठी पांढरी साडी, अंबरनाथ. मराठीत आणि इंग्रजीत. व्हिजिटरचा काउंटर जवळपास थांबलाच.

आज बदलापूरहून एक मुलगी आईला घेऊन आली. सायबर कॅफेत बसून तिने नेमकं हेच सर्च केलं होतं. वहिनीने "जय भीम, या" म्हणत साड्या पसरल्या आणि विचारलं, "काठ कुठला दाखवू?"

मुलगी आईकडे बघून हसली. म्हणाली, "बाकी दुकानांत आधी विचारतात, लग्नाला पांढरी कशाला?"

काउंटर मी आज बघितलाच नाही. तुमची साइट शोधून आलेल्या माणसाला तुमच्या दारात पहिला प्रश्न कुठला ऐकू येतो?