बर्गर कशाला म्हणायचं

डेंग्यूचा ताप उतरला आणि माझ्या मुलीचं जेवण गेलं. ती तेव्हा सात वर्षांची होती. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, शाळा सुरू झाली, संध्याकाळी गल्लीत ती पळायलाही लागली. पण ताटावर बसली की दोन घास घ्यायची आणि हात धुवायला उठायची. रसम-भात, दहीभात, तिची एके काळची लाडकी बटाट्याची भाजी, सगळ्यांना तिचं एकच उत्तर होतं, "पुरे." माझी बायको तालुका कचेरीत काम करते. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ती शांतपणे ऐकून घेते, पण या एका शब्दाने रडकुंडीला यायची.

"तोंडाला चव यायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले. "तिला काय खावंसं वाटतं ते विचारून बघा."

विचारलं, तर तिला बर्गर हवा होता.

आमच्या घरात बर्गर कोणी खाल्लेला नव्हता. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाई दिवसभर फोनवर खाण्याचे व्हिडिओ बघत, त्यात तिने तो पाहिला होता. "पण कुठलाही नको," तिने बजावलं. "आपल्या गावातला सगळ्यांत चांगला पाहिजे."

"तो कुठे मिळतो?"

"ते आपण शोधायचं, अप्पा."

इथे एक सांगायला हवं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरात मी मराठी बोलतो, तिला ते सगळं समजतं, आणि ती उत्तर तमिळमध्ये देते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितोय एवढंच. देवनागरी मी स्वतःही कॉलेजात नोकरी लागल्यावर शिकलो.

रविवारी मी स्कूटर काढली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे शोध भाजीच्या बर्गरचा होता. पहिल्यांदा जुन्या बसस्टँडजवळच्या बेकरीत गेलो. काचेच्या कपाटात पफ्सच्या शेजारी बर्गर मांडून ठेवले होते. तिने तो हातात घेतला, वरून खालून पाहिला आणि म्हणाली, "यात टूटीफ्रूटी आहे." खरंच होती. बेकरीवाल्याने गोडाच्या बनात बटाट्याची टिक्की घातली होती. तिने टूटीफ्रूटीचे लाल-हिरवे तुकडे एकेक करून वेचून खाल्ले, टिक्कीचा एक घास घेतला आणि बाकीचा माझ्याकडे सरकवला. संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "किती घास?" मी म्हटलं, "एक, आणि टूटीफ्रूटी."

पुढच्या रविवारी मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत गेलो. तिथला बर्गर काळ्या बनाचा, मधोमध लाकडी काडी खोचलेला, तिच्या तोंडाच्या दुप्पट उंच. सोबत प्लास्टिकचे हातमोजे. ते तिच्या हातात कोपरापर्यंत आले. तिने काडी काढली, एकेक थर उचलून बशीत ओळीने मांडला आणि वेटरला बोलावलं.

"अण्णा, हे पिवळं काय आहे?"

"चीज."

"आणि हे गुलाबी?"

"सॉस."

"कशाचा?"

वेटर माझ्याकडे बघून हसला. तिने प्रश्न मागे घेतला नाही. शेवटी तो आत जाऊन विचारून आला, "टोमॅटो आणि मेयोनीज, बाळ." आपल्यालाही आजच कळलं, असंही त्याने कबूल केलं. तिने मान हलवली. तिला समाधान वाटलं, पण खाल्लं तिने जेमतेम. मी बघत होतो. एक घास. दुसरा. तिसऱ्याला तिने बन तोंडाजवळ नेला आणि परत खाली ठेवला.

"अप्पा, तुम्ही माझे घास मोजता."

मी नाही म्हणणार होतो, पण तिच्या डोळ्यांपुढे ते जमलं नाही. "हो," म्हटलं. "अम्मा विचारते म्हणून."

"मोजलं की घास मोठा होतो," ती म्हणाली. "गिळता येत नाही."

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. त्या संध्याकाळनंतर तिने आकडा विचारला नाही.

ओरत्तनाडू या जवळच्या गावातल्या बर्गरचं कळलं ते माझ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून. त्याच्या गावात एक बाई वसतिगृहात वर्षानुवर्षं स्वयंपाकाला होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर छोटं दुकान टाकलं होतं, आणि मुलींच्या हट्टामुळे वसतिगृहात शिकलेला बर्गर तिथे करत होत्या. मुलीला हे सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे बसने जायचं का?" बसने गेलो. दोन्ही बाजूंना भाताची शेतं आणि मधूनमधून केळीच्या बागा.

दुकान म्हणजे पत्र्याखाली दोन बाकं आणि एक मोठा तवा. बाई पंचावन्न-साठच्या, कपाळाला विभूती. मी तमिळमध्ये विचारलं, "अक्का, बर्गर आहे ना?"

"आज नाही. बन आले नाहीत. बेकरीची भट्टी बिघडलीये."

मी मुलीकडे वळून मराठीत म्हटलं, "काय करायचं गं? परत जायचं?"

बाईंचा हात तव्यावर थांबला. "तुमी मराठी?" त्यांनी मराठीत विचारलं. त्यांची मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या चालीची होती, पण मराठीच. त्यांचं घराणंही आमच्यासारखंच महाराष्ट्रातून आलेलं, मात्र कधी आणि कुणाबरोबर ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझी मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. राजवाड्याच्या गल्लीबाहेर कोणी अनोळखी माणूस मराठी बोलू शकतो, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग आज काय आहे?" तिने विचारलं.

"केळबोंडाचे वडे."

"म्हणजे?"

बाईंनी टोपलीतलं जांभळं केळफूल उचलून दाखवलं. आमच्या घरात आम्ही त्याला तमिळमध्ये वाळैपू म्हणतो. मराठी शब्द मलाही त्या दिवशीच मिळाला. मुलीने तो हळूच म्हणून बघितला, "केळबोंड."

मग तिने विचारलं, "वडा बनात घालता तुम्ही?"

"हो, त्याचाच बर्गर करते. पण आज बन नाही, तर बर्गर कसला?"

मुलगी विचारात पडली. तव्यावर दोन जाड, छोटे उत्तप्पे भाजत होते. तिने बोट दाखवलं. "यांच्या मध्ये घातला तर?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी उत्तप्पे उलटले, एकावर कांद्याची चटणी लावली, वडा ठेवून उलथन्याने जरा दाबला, टोमॅटोची चकती घातली आणि दुसरा उत्तप्पा वर ठेवून केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिच्या हातात दिला. "आता हा बर्गर आहे की नाही, ते तूच सांग."

ती खाऊ लागली. खाता खाता त्यांचा वाद सुरू झाला. बाई म्हणत होत्या, बन पाहिजेच. ती म्हणत होती, बन पाहिजेच असं नाही, पण दोन्ही हातांनी धरावं लागलं पाहिजे. बाईंनी विचारलं, "मग दोन्ही हातांनी धरलेला आंबा बर्गर का?" ती चावायची थांबली, विचार केला आणि म्हणाली, "नाही. मध्ये काहीतरी लपलेलं पाहिजे." "आंब्यात कोय लपलेली असते." "ती खात नाहीत!" हे ती इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला.

मीही त्या वादात ओढला गेलो होतो. पान रिकामं झालंय हे मला तिने बोटं चाटायला घेतली तेव्हा कळलं. मी मोजलं नव्हतं. बाईंनी न विचारता तव्यावर आणखी दोन उत्तप्पे टाकले.

महिनाभराने आम्ही तिघं पुन्हा गेलो. बन आले होते. मुलीने खरा बर्गर अर्धा खाल्ला, चांगला आहे म्हणाली, पण उत्तप्प्याचा पहिला आणि हा दुसरा, असा निकाल तिथेच देऊन टाकला. "वसतिगृहाच्या साडेतीनशे पोरींनी असं कधी म्हटलं नाही," बाई म्हणाल्या आणि बायकोला वड्याची कृती सांगायला बसल्या. निघताना त्यांनी एक केळफूल आमच्या पिशवीत घातलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र पसरून ते सोलायला बसलो. काळे डाग पडू नयेत म्हणून बायकोने तिघांच्याही बोटांना तेल लावलं. आतल्या प्रत्येक बारीक फुलातला ताठ दांडा ओढून काढायचा असतो, तो शिजत नाही. तमिळमध्ये त्याला कळ्ळन्, म्हणजे चोर म्हणतात. मुलीने पहिला चोर ओढून काढला, उजेडात धरून नीट पाहिला आणि विचारलं, "याने काय चोरलंय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मुलीने आणखी एक फूल उचललं आणि बोटाने पाकळ्या सारून आत बघायला लागली.