कार्ड खराब झालं नव्हतं

शोभाताई, माझी मोठी बहीण. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हे एकच नाव घेतो, आणि मनापासून घेतो. पण आता जे सांगणार आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही, कुणालाच मी ते कधी सांगितलं नव्हतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल.

मी प्रवासातले फोटो काढतो. घाट, आठवडी बाजार, वाटेत भेटलेली माणसं. ते मासिकांत छापून येतात, त्यांची प्रदर्शनं लागतात. कार्यक्रमात हमखास विचारतात, तुमची प्रेरणा काय? मी सांगतो, राळेगावहून यवतमाळला कॉलेजात जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी माणसं, आणि कॉलेजच्या वाचनालयात कोपऱ्यात पडलेली जुनी चित्रमासिकं. हे खोटं नाही. पण खिडकीतून बघणाऱ्या त्या पोराच्या हाती कॅमेरा कुणी दिला?

बारावीनंतर ताईचं शिक्षण थांबलं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दोघांना पुढे शिकवणं जमणारं नव्हतं, आणि त्यांनी मला निवडलं. ताई रडली नाही. शाळेचे गणवेश शिवायला बसली. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिलाच, तेव्हा शिवणाच्या पैशातून तिने यवतमाळच्या एका स्टुडिओतला जुना डिजिटल कॅमेरा मला आणून दिला. पण बाबांबद्दल तिच्या मनात काहीतरी बसलं ते बसलंच. आपण त्यांना जड झालो आहोत, असं तिला वाटायचं. बाबा मुळात बोलायचे कमी. त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा मारेगावचा. भाऊ असताना बाहेरचा फोटोवाला कशाला, असं तिनेच सगळ्यांना बजावलं. केवढा विश्वास!

आणि मी काय केलं? मासिकांतली चित्रं डोक्यात घेऊन मी मांडवात फिरलो. खुर्चीवर झोपलेला बँडवाला, भाजी चिरणारे हात, गंजातल्या, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या, आंघोळीच्या पाण्याची वाफ. नवरीकडे माझी पाठ. आत्याने सगळ्यांदेखत हटकलं, "काहून रे, नवरी मांडवात हाय, अन् तू गंजाचे फोटो काढून राह्यला? गंजाले सासरी पाठवतं काय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि मनात म्हटलं, यांना काय कळतंय.

निरोपाच्या वेळी मी गाडीपाशी नव्हतोच. घरामागे होतो. तिथे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगावर बाबा बसले होते. मांडीवर ताईच्या जुन्या चपला. नव्या घालून ती निघाली, या दाराशी राहिल्या होत्या. बाबा रडत होते — आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तो फोटो काढला.

रात्री फोटो उघडून पाहिले. फेऱ्यांचे दोन-तीन, तेही हललेले. आईसोबत ताई — नाही. मामा-मावश्या — नाही. निरोप — नाहीच. घरच्यांना काय दाखवणार होतो? सकाळी सांगितलं की कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं, सगळं गेलं. ताईला फोनवर सांगितलं. ती मलाच समजावायला लागली, की यंत्राचं काही सांगता येत नाही, तू जीवाला लावून घेऊ नको.

ते कार्ड आजही माझ्याकडे आहे. त्यातले बँडवाला, हात, वाफ हे फोटो पाठवून मला पहिलं काम मिळालं. आणि बाबांचा तो फोटो स्पर्धेत गेला. प्रवासातल्या माणसांच्या विभागात. खाली मी लिहिलं, "वाटेतल्या एका गावात." पुण्याच्या प्रदर्शनात एक बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हणालो, "नाव विचारायचं राहून गेलं."

बापाचं नाव. माझ्या नावापुढे रोज लिहितो ते.

ताई सणासुदीला माहेरी यायची. आईशी बोलायची, बाबांना जेवायला वाढायची, बाकी शब्द नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी गाडीत बसली तवा बाबा कुठी होते रे? तुले दिसले काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मग ती विचारणार, तुला कसं माहीत, तू तर गाडीसमोर होतास ना? निघताना तिच्या डोळ्यांना पदर होता. समोर कोण होतं, कोण नव्हतं, तिने पाहिलंच नव्हतं. मी म्हणालो, "मी तुयेच फोटो काढून राह्यलो होतो, ताई. माह्यं ध्यान नव्हतं."

ती म्हणाली, "सुटले असतीन एकदाचे."

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता. मोबाइलमध्ये होते ते मान वळवलेले. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी तो साफ करायला बसलो. डाग काढले, मागचा रंग बदलला. शेजारच्याच फोल्डरमध्ये तो दुसरा फोटो होता. मी उघडला नाही. तेराव्याला ताई त्या भिंतीकडे बघून म्हणाली, "घरात फोटोवाला, अन् बाबाचं तोंड असं चोरावानी." मी मान हलवली. कशाला होकार देत होतो मी?

गेल्या महिन्यात मी तिला पत्र पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर भाच्याने आधी पाहिलं असतं, म्हणून पोस्टाने, रजिस्टर करून. वर लिहिलेल्यातही एक गोष्ट मी गाळली आहे. ती पत्रात आहे.

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

सोबत बाबांचा फोटो आहे. तुझ्या लग्नातला. कार्ड खराब झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. तुझे चांगले फोटो मी काढलेच नव्हते.

तू विचारलं होतंस, मी गाडीत बसले तेव्हा बाबा कुठे होते. घरामागे होते. मांडीवर तुझ्या चपला आहेत, नीट बघ. हा फोटो मी बाहेर लोकांना दाखवला, त्यावर नाव कमावलं, आणि हा माणूस कोण ते माहीत नाही असं सांगितलं.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा बाबांनी तोंड पुसलं, आणि ते उठत होते. तुझ्याकडेच यायला. माझा फोटो मनासारखा आला नव्हता. मी म्हटलं, बाबा, असेच बसा, हलू नका. शिकलेला मुलगा सांगतो म्हणून ते परत बसले. मी आणखी फोटो काढत राहिलो. तोवर गाडी गेली.

तुझा,
गजानन