खाडीच्या मुखाशी कोण ओरडले?

संपादक महोदय,

बुकिंग : माघातला शेवटचा शनिवार. घटना : लगतचा रविवार, सकाळ. जबाबदार व्यक्ती : एक, आमचे पुण्याचे जावई, ज्यांनी आम्हा उभयतांना न विचारता कोकणात पॅडलबोर्डिंग, म्हणजे तरंगत्या फळीवर उभे राहून वल्हवणे, ठरवले. दोन, तो बोर्डवाला, ज्याने स्वतःच्याच माहितीपत्रकातला नियम मोडला.

मी सोलापूरचा. आयुष्य कोर्टाच्या कामात गेले. भूतखेत म्हणजे ऐकीव पुरावा, आणि तो मी कधीही ग्राह्य धरला नाही…

माहितीपत्रक उत्तम होते, हे मान्य. टोपी, सनस्क्रीन, पिण्याचे पाणी, फोनसाठी कोरडी पिशवी, गळ्यात शिट्टी, लाइफ जॅकेट – आणि ठळक अक्षरांत : बोर्डाचा दोर पोटरीला बांधल्याखेरीज पाण्यात उतरू नये. आम्ही सगळे नेले. दोर मात्र बोर्डवाल्याकडे नव्हतेच!

"लागत नाही हो काका, पाणी कमरेइतकंच."

मी हे लेखी मागितले. त्याने हातात वल्हे दिले.

पुढचे मात्र, संतापून लिहायचे ठरवूनही, आनंदानेच लिहावे लागते. सौ. माहेरच्या अक्कलकोटच्या, मातृभाषा कानडी, पोहणे विहिरीतले. त्या बोर्डावर थेट उभ्या राहिल्या!

"अहो, उठा की! गुडघे टेकून कुणाची माफी मागताय?"

मी उठलो. खाली हिरवे पाणी, दोन्ही काठांना खारफुटी, मागून आपल्या बोर्डावरून जावई ओरडताहेत, "आई, हळू!" इतके आम्ही कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. त्या नादात ओहोटीने आणि मतलई वाऱ्याने आम्हाला खाडीच्या मुखाशी आणले, हे कळलेच नाही. पुढे उघडा समुद्र.

तेवढ्यात समुद्राच्या बाजूने खणखणीत आवाज आला – "ओ मालक, बसा की खाली!"

अस्सल सोलापुरी. मी मटकन बसलो. सौ.ही बसल्या. लगेच वाऱ्याचा असा झोत आला की उभे असलेले जावई पाण्यात पडले, आणि त्यांचा बिनदोराचा बोर्ड गिरक्या घेत समुद्रात दिसेनासा झाला… जावयांना सौ.च्या बोर्डाला धरायला लावून, गुडघ्यांवर वल्हवत आम्ही काठ गाठला. उभे असतो तर आमचेही बोर्ड गेले असते, आणि त्यामागोमाग आम्ही.

समुद्राकडे ना होडी, ना माणूस. जावयांना काहीच ऐकू आले नव्हते.

"आपल्या सोलापूरचा कोण हो तो?" मी विचारले.

"सोलापूरचा कुठला? कानडीत ओरडला की! 'कूड्री अव्वा, कूड्री!' बसा आई, बसा म्हणाला."

"मराठीत होतं."

"कान तपासून घ्या."

ओलेचिंब जावई वाळूत लोळून हसत होते.

बोर्डवाल्याविरुद्ध तक्रार दिली आहे, तो विषय स्वतंत्र. पण एकच आवाज दोघांनी दोन भाषांत कसा ऐकला, याचा खुलासा मला आजही करता येत नाही. रोज सकाळच्या चहाला हा वाद निघतो आणि मी हरत चाललो आहे.

सबब, त्या अज्ञात इसमाचे आभार मानून माझी मागणी आहे : आपण कोणीही असा, त्या सकाळी आपण मराठीत ओरडलात की कानडीत, याचे उत्तर याच सदरात, जाहीरपणे द्यावे.